सहा ढाली आणि एक ढेरी

डोंबिवलीत दहावीपर्यंतची माझी खरी शाळा म्हणजे स्टेशनजवळचं व्हिडिओ गेम पार्लर. एका टोकनात ‘मुस्तफा’ शेवटपर्यंत नेणारा मी. (त्या गेमचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे हे मला अमेरिकेत आल्यावर कळलं. अजून पटलेलं नाही.) त्यामुळे शिकागोजवळच्या एका जुन्या आर्केडमध्ये शिरताना मी लेकीला म्हणालो, "आता बघ बाबाची कमाल." इथेच चुकलं.

तिने बोट दाखवलं ते अटारी कंपनीच्या १९८३ सालच्या ‘स्टार वॉर्स’कडे, म्हणजे त्याच नावाच्या सिनेमावरच्या गेमकडे. तेही केबिनवाल्या मॉडेलकडे. "बाबा, यात आत बसायचं असतं." असतं, कबूल. पण हे यंत्र बनवताना कुण्या सडपातळ पोराचं माप घेतलं असावं. मी आधी डावा पाय घातला, मग पोट, मग उरलेला मी.

या गेममध्ये चित्रं रंगवलेली नाहीत. इलेक्ट्रॉनचा झोत काळ्या पडद्यावर थेट रंगीत रेघा ओढतो. शत्रूची विमानं, डेथ स्टार नावाचा त्यांचा अवाढव्य अवकाशतळ, सगळं नुसत्या रेघांचं. रांगोळी काढून झाली आणि रंग भरायच्या आत कुणीतरी चहाला बोलावलं, तसं. दिसतं फार देखणं. फक्त ही रांगोळी अंगावर धावून येते आणि गोळे फेकते.

हाताशी विमानाचं असतं तसं हँडल, त्याला गोळी झाडायचे चार घोडे. सुरुवातीला तीन डेथ स्टार दिसतात: सोपा, मध्यम, कठीण. ज्यावर गोळी झाडाल तो तुमचा. मी हँडल किती वळतं ते नुसतं बघत होतो. गोळी सुटली ती बरोब्बर ‘कठीण’वर. त्या संध्याकाळचा माझा एकमेव अचूक नेम.

कठीणला घसघशीत बोनस असतो, पण तो मोहीम फत्ते झाल्यावर. विम्याच्या पॉलिसीसारखं, आधी मुदत पुरी करा. माझ्याकडे ढाली सहा; एक मार बसला की एक ढाल गेली. त्यातल्या तीन सिनेमातल्या खलनायकाच्या, डार्थ व्हेडरच्या, नादात गेल्या. त्याच्या विमानाला गोळी लागली की ते गिरक्या खात लांब जातं आणि पुन्हा हजर.

"बाबा, तो मरत नाही."

"तुला काय माहीत?"

"पहिल्या पिक्चरमध्ये पण नाही मरत."

उरलेल्या तीन ढाली डेथ स्टारवरच्या गोळे फेकणाऱ्या मनोऱ्यांनी घेतल्या. मग सिनेमातल्या म्हाताऱ्या गुरुजींचा आवाज आला, की फोर्स (सिनेमातली ती अदृश्य शक्ती) सदैव तुझ्यासोबत राहील. आमच्या गाडीच्या काचेवर ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ हे स्टिकर आहे, त्यामुळे कुणी पाठीशी असण्याचं मला अप्रूप नाही. पण सगळ्या ढाली संपल्यावर कशाला सांगायचं?

डोंबिवलीत खिसा रिकामा झाला की आपोआप अब्रू वाचायची. इथे दारात एकदाच पैसे भरायचे, मग हवं तितकं हरा. मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी दोन्ही हातांनी नेम धरून ‘सोपा’ घेतला.

विमानांवर मी असा काही तुटून पडलो, की डेथ स्टारवरच्या खंदकापाशी पोचेपर्यंत दोन्ही हातांना मुंग्या आल्या. खंदकाच्या टोकाला ते सुप्रसिद्ध भोक. त्यात गोळी गेली की डेथ स्टार खलास. पण घोडा दाबायला बोट तर हलायला हवं! गोळे चुकवत, एकही गोळी न झाडता मी आख्खा खंदक पार केला. शेवटी हाताला एक उसळ आली, घोडा दाबला गेला आणि डेथ स्टारच्या ठिकऱ्या उडाल्या. पडद्यावर बोनस झळकला. खंदकात भोकाशिवाय कशावरही गोळी झाडली नाही, तर तुम्ही ‘फोर्स’ वापरला असं हा गेम धरतो. मुंग्यांना अमेरिकेत फोर्स म्हणतात तर!

"पाहिलंस?" मी ओरडलो.

लेक शेजारच्या पिनबॉलवर होती. "काय?"

"डेथ स्टार! फोडला!"

"भारी. आता बाहेर ये ना, मागे लाइन लागलीये."

यायला माझी ना नव्हती. ढेरीची होती.