चार लाखांचा जावई

आपल्याकडे अधिक महिना लागला की जावयाची चंगळ. तेहतीस अनारसे, चांदीची वाटी, आणि सासूबाई वर "घ्या हो, संकोच कसला" म्हणणार. लग्नात त्याच्या खिशाला हात लागतो तो कानपिळीपुरता.

मी मात्र पुण्याहून उठून थेट ईसानात जावई झालो. ईसान म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग. भाताची खाचरं, चिकट भात आणि डोळ्यांतून पाणी काढणारं पपईचं सोम तम. इथेही जावयाला मान आहे, फक्त तो नोटांत मोजून घेतात. लग्नात 'सिन सोत' म्हणून नवऱ्याने मुलीच्या आईवडिलांना रक्कम द्यायची. तीही गुपचूप नाही, तबकात नोटा आणि सोनं मांडून, अख्ख्या गावासमोर. तबकापर्यंत पोचायचं तर वाटेत मेव्हण्या साखळी आडवी धरून उभ्या. पाकीट हातावर पडलं की साखळी खाली, की दहा पावलांवर पुढची साखळी. शेवटी त्या रकमेवर तांदूळ-तीळ टाकून गाठोडं बांधतात आणि मुलीची आई ते खांद्यावर घेऊन, किती जड म्हणून कण्हत चालते. माझी रक्कम बघता एवढं वाकायचं कारण नव्हतं, पण सासूबाईंनी भूमिका जीव ओतून केली.

इथवर सगळं हौसेचं. खरा ताप सरकारी चार लाखांचा.

थाई बाईचा परदेशी नवरा म्हणून इथे राहायचं तर दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. त्यासाठी महिना 40,000 बाट उत्पन्न दाखवा, नाहीतर थाई बँकेत 4,00,000 बाट ठेवा, आणि अर्जाआधी दोन महिने ते खात्यात मुरू द्या. आपल्या रुपयांत दहा लाखांच्या वर. हे पैसे म्हणजे देव्हाऱ्यातले टाक. रोज दर्शन घ्या, मोडायचा विचारही मनात आणू नका. अर्जाची फी 1,900 बाट, ती अर्थातच वेगळी.

मग पुरावे. लग्नाचा दाखला, घराचा हाताने काढलेला नकाशा आणि फोटो. एक दारात, घराचा क्रमांक दिसेल असा. एक बैठकीच्या खोलीत. एक झोपायच्या खोलीत. ही शेवटची मागणी सांगताना काउंटरवरच्या बाईंच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. फोटो मेव्हणा काढतो. आम्ही दोघं पलंगाच्या काठावर, हात गुडघ्यांवर, चेहरे पोलीस चौकीत बसवल्यासारखे, आणि मागे दारात चिकट भाताची टोपली घेऊन सासूबाई. ऑफिसने नेमका तोच फोटो पसंत केला. यापेक्षा खरा संसार कुठे दिसणार म्हणा.

साक्षीदारही लागतो. बायकोचे थोरले मामा आले. त्यांना सगळे लुंग म्हणतात, म्हणून मीही. अधिकाऱ्याने टेबलावर पासबुक उघडलं. लुंगना चष्म्याशिवाय दिसत नाही असा घरात समज होता. तो त्या दिवशी खोटा ठरला.

संध्याकाळी गावाला माझा बॅलन्स माहीत होता. आठवडा उलटायच्या आत शेताचा पंप आला, चुलत मेव्हणीच्या मोबाइलचा हप्ता आला, विहाराच्या मंडपाचं छप्पर आलं. मी लुंगना समजावलं, "लुंग, ते पैसे सरकारला दाखवायला ठेवलेत."

"मग दाखवून झाले ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

बाकीचे उपद्व्याप किरकोळ. दर 90 दिवसांनी 'मी अजून इथेच आहे' असं कळवायचं. पुण्याला कुणाचं लग्न निघालं तर जाण्याआधी परत येण्याचा परवाना काढायचा, एका खेपेचे 1,000 बाट. तो न काढता गेलात तर वर्षाची मुदतवाढ विमानतळावरच संपते. आहेराच्या पाकिटाहून हे जास्त होतं, पण आईला सांगणार कोण?

यंदा सोंगक्रानला, म्हणजे एप्रिलातल्या थाई नववर्षाला, सासूबाईंनी समुद्राचं नाव काढलं. ईसानला समुद्र नाही. बायको म्हणाली, चौघं मिळून बांग सेनच्या समुद्रकिनारी जाऊ. निघायच्या सकाळी पिकअपच्या हौद्यात लुंग, मेव्हणा, भाच्या, चटया, बर्फाची पेटी आणि पला राची बरणी. पला रा म्हणजे महिनोन्‌महिने आंबवलेले मासे. झाकण घट्ट होतं, वास सैल होता. सण आटपून सगळं ईसान त्याच मित्रफाप महामार्गाने बँकॉकला कामावर परतत होतं, त्यामुळे गाडी कमी आणि ब्रेकच जास्त चालत होता. दर पेट्रोल पंपावर, डिझेलचे पैसे द्यायची वेळ आली की गाडीतल्या सगळ्यांना एकदम लघवीला लागायची.

वाटेत भाच्यांना धबधबा दिसायला हवा म्हणून एका राष्ट्रीय उद्यानाकडे वळलो. फाटकावर दरफलक. परदेशी माणसाला 400 बाट, थाई माणसाला 40. यातले 40 थाई अंकांत लिहिलेले असतात, पाहुण्याचं मन दुखावू नये म्हणून. मला ते अंक वाचता येऊ लागल्यापासून माझं दुःख बरोबर दहापट झालंय.

बायको खाली उतरली. आमचा जावई आहे, इथेच राहतो, हा बघा दाखला. असं केलं की एखाद्या फाटकावर काम होतं. इथलाही पोरगा विरघळत होता. त्याचा हात 40 च्या पुस्तकाकडे गेलेला मी पाहिला. एवढ्यात हौद्यात लुंग उभे राहिले. घराण्याची अब्रू निघतेय असं त्यांना वाटलं असावं.

"गरीब समजलास काय रे त्याला? चार लाख बाट आहेत खात्यात! मी या डोळ्यांनी पाहिलेत."

पोराने 400 ची पावती फाडली. लुंग समाधानाने खाली बसले. सासूबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून बाकीच्यांचेही माझ्याकडूनच घ्यायला सांगितलं. त्यांच्याकडे म्हणे सुट्टे नव्हते.