तेंडुलकरांना कोणी शिकवलं होतं?

नमस्कार. पटकथालेखनावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सीन हेडिंग (प्रसंग कुठे आणि कधी घडतो ते सांगणारी ओळ), पटकथेच्या एका पानाला पडद्यावर एक मिनिट, तीन अंक ही सगळी कारकुनी, पटकथा शिकून येत नाही, नाटककार विजय तेंडुलकरांना कोणी शिकवलं होतं?

फॉरमॅटसाठी, म्हणजे कागदावरच्या या मांडणीसाठी, मी भांडणार नाही. तो चार दिवसांत जमतो, उरलेलं सॉफ्टवेअर करतं. पण साक्षीदार म्हणून तुम्ही तेंडुलकरांना बोलावलंत आणि ते साक्ष देतात माझ्या बाजूने.

त्यांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक आठवा. लुटुपुटीचा खटला, पिंजऱ्यात आरोपी म्हणून बेणारे बाई. शेवटी बाकीचे जागच्या जागी थिजतात आणि ती बोलत सुटते. आता १९८० चा 'आक्रोश' हा चित्रपट घ्या. पुन्हा खटला, पुन्हा आरोपी, पटकथा तेंडुलकरांचीच. इथे लहान्या भिकू स्वतःच्या वकिलापुढेही तोंड उघडत नाही. बेणारेचं स्वगत लिहिणाऱ्या हाताला लहान्यासाठी एक भाषण लिहिणं काय जड होतं? नाही लिहिलं. नाट्यगृहात शेवटच्या रांगेला नटाचे डोळे दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात. शिवाय आरोपी गप्प, म्हणून वकिलाला कचेरी सोडून शोधत हिंडावं लागतं. सगळा चित्रपट त्या मौनावर पुढे सरकतो. बोलला असता तर अर्ध्या तासात कहाणी संपली असती.

याला उपजत देणगी म्हणायचं तर म्हणा. मला मात्र दिसतं की 'आक्रोश'च्या आधी 'सामना', 'निशांत', 'मंथन' हे चित्रपट लिहून झाले होते, त्यात 'मंथन'च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. वर्गात बसले नसतील, पण हात बसवला होताच.

मालिकांवर तुम्ही नाक मुरडलंत: 'एकच गोष्ट तीनदा सांगतात.' सांगतात खरं! प्रेक्षक निम्मा वेळ स्वयंपाकघरातून नुसता ऐकत असतो. आणि तुमची ती कारकुनी तिथेच कामाला येते. कथा, पटकथा, संवाद लिहिणारे बहुधा तिघे वेगळे असतात. सीन कशासाठी आहे आणि कुठे तुटतो, हे संवादलेखकाला कागदावरूनच कळायला हवं. सेटवर युनिट खोळंबलेलं असतं, फोन करून विचारायला वेळ कुणाला?

महागड्या कार्यशाळांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. त्यापेक्षा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा मिळवून वाचा आणि मग तिच्यावरचा 'अर्धसत्य' (१९८३) बघा. पटकथा तेंडुलकरांची, हिंदी संवाद वसंत देवांचे. म्हणजे संवाद बाजूला काढले तरी पटकथाकाराचं म्हणून जे काम उरतं, ते तिथे पाहायला मिळेल. कथेतलं काय गळलं, नवं काय आलं, कुठला प्रसंग पुढेमागे झाला, याची यादी करा आणि इथेच टाका. पुढचा वाद त्या यादीवर घालू.