वांगी, आमसुली आणि चौदा बिट

बेळगावच्या वडगावात मामांचे चार माग आहेत. म्हणजे चालणारे तीन, आणि चौथा त्या तिघांना सुटे भाग पुरवण्यापुरता जिवंत ठेवलेला. साडी विणण्यात मामांचा हात धरणारा गल्लीत कोणी नाही. विकण्याच्या बाबतीत मात्र त्यांचं धोरण 'ज्याला पाहिजे तो येईल' एवढंच. पूर्वी येतही होते. आता गिऱ्हाईक गणपत गल्लीतसुद्धा उतरत नाही, घरी लोळत अंगठ्यानं साड्या सरकवतं. तेव्हा धाकट्या सुनेनं फर्मान काढलं की व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचे. आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांपूर्वी मी जुना निकॉन घेतला होता आणि बायकोनं किमतीचा विषय काढू नये म्हणून 'अडीअडचणीला सगळ्यांच्याच कामाला येईल' असं अख्ख्या गोतावळ्यात सांगून बसलो होतो.

"ये की रविवारी," मामा म्हणाले. "पाच मिनटाचं काम हाय गा."

ते पाच मिनिटांचं काम मी शिमग्याच्या आधी हातात घेतलं. आता मृग लागलाय.

फोटो काढणं हा त्यातला सोपा भाग. साडी धूपछांव होती. ताणा लाल, बाणा निळा. उजेडाकडं धरली की लाली वर यायची, जरा तिरकी केली की निळाई. मामी त्या रंगाला वांगी म्हणते, मामा जांभळा म्हणतात आणि सून वाईन म्हणते, पण घरात माळकरी असल्यामुळं हळू आवाजात. मागाच्या खोलीत एक ट्यूबलाईट, एक पिवळा बल्ब आणि दारातून आत आलेलं ऊन, असे तीन जातींचे उजेड एकमेकांत मिसळत होते. फोटोत कुठंतरी पांढरं काहीतरी असलं की नंतर त्यावरून रंग सुधारता येतात, एवढं ज्ञान मी मोबाईलवर मिळवलं होतं. "मामा, काहीतरी पांढरं ठेवा की शेजारी," म्हटल्यावर मामांनी इकडंतिकडं बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि साडीच्या घडीवर ठेवली. मामीनं धुतलेली, कांजी केलेली, कडक. टोपीशिवाय मामांना मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

चूक इथंच झाली की मी फोटो 'रॉ'मध्ये काढले. साध्या जेपेग फोटोत दर रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४, कारण ती चौदा बिटांची. एवढा जिना दिसल्यावर २५६ पायऱ्यांवर कोण थांबेल? पण रॉ म्हणजे फोटो नव्हेच, ते नुसतं मळलेलं पीठ. भाकरी आपण थापायची, आपणच भाजायची, आणि तवा कुठला घ्यायचा यावर दुनियेत एकमत नाही.

फोटो स्टुडिओ चालवणारा मित्र म्हणाला, "फोटोशॉप. विचारायचं काय त्यात?" आमच्याकडं लग्नाच्या फोटोत नवरा जरा उजळ दिसला तरी 'फोटोशॉप केलंय' म्हणतात, इतकं ते घरचं नाव. थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी ते बनवलं आणि पहिली आवृत्ती १९९० साली बाहेर पडली. दोन भावांनी मिळून काही केलं आणि वाटणीसाठी कोर्टात गेले नाहीत, याचंच मला जास्त कौतुक वाटलं. पण २०१३ पासून त्याची नवी आवृत्ती विकत मिळत नाही, भाड्यानं मिळते. आमच्या माडीवरचा भाडेकरू तीन-तीन महिने भाडं थकवतो, आणि मी एका सॉफ्टवेअरचा भाडेकरू होऊन त्याला दर महिन्याला बिनबोभाट देत बसायचं? मनाला पटेना.

मग ऑफिसातल्या एकानं पेनड्राइव्हवर 'क्रॅक', म्हणजे फोटोशॉपची चोरटी प्रत, आणून दिला. त्याच्याबद्दल फार लिहीत नाही. लॅपटॉप रात्री-अपरात्री मला जुगाराची आमंत्रणं देऊ लागला आणि शेवटी तो धुऊनपुसून पुन्हा उभा करावा लागला.

त्यानंतर मी सज्जन झालो आणि फुकटात शिरलो. गिंप नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, १९९५ साली त्याचं काम सुरू केलं. आजही ते कुणाकडून पैसा घेत नाही. मी त्याच्यापुढं माझी रॉ फाईल ठेवली. त्यानं ती हातातसुद्धा घेतली नाही. आधी डार्कटेबल किंवा रॉथेरपी घेऊन या, ते फाईल उघडून देतील, मग मी बघतो, असं त्याचं म्हणणं. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. पण १९५६ पासून आमचा सगळा मुलूखच 'या खिडकीवर नाही, त्या खिडकीवर जा' ऐकत उभा आहे. मी निमूटपणे पुढच्या खिडकीवर गेलो.

डार्कटेबल उघडल्यावर पहिला अर्धा तास आपण विमानाच्या कॉकपिटमध्ये चुकून शिरलोय असं वाटतं. बटणांची यादी खाली सरकवता सरकवता बोट दुखतं. त्यात पांढऱ्याचा समतोल साधणारं एक मोड्यूल आहे, आणि तेच काम वेगळ्या पद्धतीनं करणारं दुसरंही आहे. मी दोन्ही फिरवली. लगेच त्यानं लाल अक्षरात कळवलं की समतोल दोनदा लागू झालाय. सासू-सुनांनी एकमेकींना न विचारता आमटीत मीठ घालावं, तसा तो प्रकार. आमटी टाकून देता येते, फोटोत कुणाचं मीठ काढायचं ते कळेना.

म्हणून रॉथेरपी. गाबोर होर्वाथ नावाच्या माणसानं ते लिहिलं आणि २०१० साली त्याचा कोड सगळ्यांना खुला केला. या वेळी मामा स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसले. 'पाच मिनिटं' कुठं जातात ते त्यांना बघायचं होतं. लॅपटॉपचा पंखा असा घरघरू लागला की मामीनं आतून विचारलं, "माग कुणी चालू केला वं?"

रॉथेरपीनं पहिल्याच दमात विचारलं, डिमोझेइकिंग कुठल्या पद्धतीनं करू? अमेझ, आयजीव्ही, एलएमएमएसई, व्हीएनजी-फोर, डीसीबी. मामांना हे समजावणं भाग होतं. कॅमेऱ्याच्या आतल्या चकतीवर बारीक घरं असतात आणि दर घरावर एका रंगाची काच. निम्म्या घरांवर हिरवी, पाव घरांवर लाल, पाव घरांवर निळी. ब्राइस बेयर नावाच्या कोडॅकच्या माणसाची ही युक्ती, पेटंट १९७६ चं. म्हणजे दर घराला तीनपैकी एकच रंग दिसतो.

"आणि बाकीचे दोन?"

"ते शेजारच्या घरांवरून अंदाजानं भरतात. तेच डिमोझेइकिंग."

मामांनी चष्मा काढला. "म्हणजे आमच्या साडीचा रंग शेजाऱ्याला विचारून ठरवालेत?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. तोवर स्क्रीनवर एकाच साडीचे चार फोटो मांडून झाले होते. कॅमेऱ्याच्या आकड्यांवरून रंग कसा काढायचा याचा हिशेब दर सॉफ्टवेअरचा वेगळा, त्यात माझा हातभार. एक साडी गुलबक्षीकडं झुकलेली, एक काळपट जांभळी, एक धुतलेल्या पाटीसारखी. चौथी वांगी होती खरी, पण भाजलेलं.

मग मला टोपी आठवली. पांढऱ्यावर ड्रॉपर टेकवला की सॉफ्टवेअर बाकीचे रंग आपोआप जागेवर आणतं. मी मामांच्या टोपीवर टिचकी मारली, आणि साडी पालटली. वांगी गेलं, जांभळं गेलं, आणि समोर आला आमसुली रंग, नुकतं सोललेलं कोकम असावं तसा ओला, खोल, काठाला किंचित लाली. मागची भिंत हळदीला बसल्यासारखी पिवळीधमक झाली होती, पण ती आणि टोपी मी कापून टाकली. मामा बघतच राहिले. "ही कुणाची साडी?" म्हणाले. मी फोटो सुनेच्या ग्रुपवर सोडला. आणि जिंकल्याच्या कैफात लॅपटॉपवरचा कचरा आवरताना प्रत्येक फोटोशेजारी बसलेल्या 'पीपी३' नावाच्या इवल्याशा फायली दिसल्या, त्या झाडून पुसून टाकल्या. रॉथेरपी मूळ फोटोला हात लावत नाही, आपण काय केलं ते सगळं त्या इवल्याशा फायलीत लिहून ठेवतं, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. तोवर सगळ्या साड्या पुन्हा पीठ झाल्या होत्या.

आठ दिवसांत त्या एका फोटोवर अकरा मागण्या आल्या. मामांच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं. सुनेनं प्रामाणिकपणे वांगी साडी पाठवली, तर गोकाकच्या बाईंनी ती परत पाठवली आणि फोनवर एकच वाक्य लावून धरलं, "इदे बण्ण बेकु." हाच रंग पाहिजे.

"फोटो झकास हाय," मामा म्हणाले, "खरं असला रंग आमच्या मागावर न्हाई."

नाही तर काढू, म्हणून मामा मोबाईल घेऊन रंगाऱ्याकडं गेले. रंगाऱ्यानं तोच फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागवून घेतला. मामांच्या मोबाईलवर आमसुली, त्याच्यावर विटकरी. त्याच्या पोराच्या मोबाईलवर तिसराच. रंगाऱ्यानं दोन लडी बुडवून बघितल्या आणि म्हणाला, कुठल्या मोबाईलातला रंग काढू ते आधी ठरवून या. मामा तिथून थेट माझ्या दारात. "मूळ रंग काय हाय, तेवढं काढ."

मी पुन्हा तीच फाईल उघडली, टोपीवर टिचकी मारली. दरवेळी निराळंच. टोपीच्या कडेला टिचकी पडली तर एक रंग, घडीच्या सावलीत पडली तर दुसरा. पुढच्या रविवारी साडी, टोपी, तीच खोली, सगळं पुन्हा मांडून नवा फोटो घेतला. या वेळी साडी वांगीच राहिली. अगदी शहाण्यासारखी वांगी. मी टोपी हातात घेऊन दारात गेलो, उजेडात धरली, शेजारी कोरा कागद धरला. आणि डोक्यात ट्यूब पेटली. त्या रविवारी टोपी पांढरी नव्हतीच. नीळ जास्त झालेली, कळेल न कळेल अशी निळसर होती. सॉफ्टवेअर बिचारं तिला पांढरी धरून बसलं, आणि ती पांढरी व्हावी म्हणून त्यानं सगळ्या फोटोतला निळा रंग ओढून काढला. भिंत पिवळी झाली. साडीतला बाणा गेला, ताणा तेवढा राहिला.

हे सगळं मी मामांना उलगडून सांगितलं. चौदा बिट, बेयर, ड्रॉपर, सगळं. ते टोपी गुडघ्यावर ठेवून बराच वेळ तिच्याकडं बघत बसले. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, "अगं, त्या रविवारी टोपीला नीळ किती घाटलीस?"

आतून मामी म्हणाली, "मोजून घालतो व्हय मी?"