‘नुसते फोटो पाहून कसलं भूविज्ञान?’ या प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखावरचं तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हातात हातोडी नाही, भिंग नाही, आणि तीनशे किलोमीटर उंचीवरून मंगळाच्या व्हॅलेस मरिनेरिस दरीत सल्फेटचे थर आहेत असं ठासून सांगायचं, हा निव्वळ अंदाज, शिवाय चित्रांतले निळे-हिरवे रंग बनावट, आणि विवरं मोजून काढलेल्या वयाचाही भरवसा नाही. शंका घ्यायलाच हवी, पण ती अंतरावर घेऊन उपयोग नाही. गडबड होते ती वेगळ्याच ठिकाणी.

रंग बनावट आहेत, मान्य. पण त्यांवरून कुणी खनिज ओळखत नाही. ओळख पटते वर्णपटातल्या खाचांवरून, म्हणजे खनिज ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतं तिथे पडणाऱ्या खळग्यांवरून. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकोनिसन्स ऑर्बिटर यानावरचा क्रिझम हा वर्णपटमापक सुमारे १८ मीटरच्या एकेका पिक्सेलमधून परतलेला प्रकाश ०.३६ ते ३.९ मायक्रॉन तरंगलांबीपर्यंत ५४४ पट्ट्यांत मोजायचा. किसेराइट हे मॅग्नेशियम सल्फेट २.१ आणि २.४ मायक्रॉनजवळ प्रकाश शोषतं, जास्त पाणी धरणारी सल्फेटं १.९ आणि २.४ जवळ, तर लोह-मॅग्नेशियमयुक्त चिकणमाती १.९ आणि २.३ जवळ. एकटी खाच पुरत नाही, जोडी जुळावी लागते.

आता गडबडीची जागा. २ मायक्रॉनजवळ मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइडही प्रकाश गिळतो. दरीच्या तळावर हवेचा थर जाड, कड्याच्या माथ्यावर विरळ. त्याची दुरुस्ती जराशी हुकली तरी वर्णपट नेमका तिथेच वाकडा होतो. त्यात २०१८ मध्ये असं लक्षात आलं, की शेजारच्या पिक्सेलांत मोठा फरक असेल तिथे क्रिझमच्या आकडेप्रक्रियेतून १.९ आणि २.१ ला हुबेहूब खऱ्यासारख्या खाचा तयार होतात. असे पिक्सेल अगदी थोडे, पण परक्लोरेट या क्लोरीनयुक्त क्षारांच्या खाचाही तिथेच पडतात, त्यामुळे ते शोधणाऱ्याला नेमके हेच पिक्सेल सापडतात. म्हणून एकट्यादुकट्या पिक्सेलवर विसंबायचं नाही. सलग पट्टा दिसला पाहिजे, त्याच जागेच्या दुसऱ्या प्रतिमेतही तो दिसला पाहिजे, आणि तुलनेसाठीचा धुळकट, निरस पिक्सेल संवेदकाच्या त्याच स्तंभातला घेतला पाहिजे, म्हणजे आपल्या पिक्सेलला त्याने भागलं की त्या स्तंभाचा स्वतःचा दोष निघून जातो. दरीतल्या उंच ढिगाऱ्यांमधली सल्फेटं या कसोटीला उतरतात. तिथे पट्टे किलोमीटरच्या किलोमीटर सलग आहेत.

थर किती आणि कुठल्या दिशेला कललेत, याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, खरं तर विचारायला हवं होतं. त्याच यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याच्या दोन प्रतिमा वेगवेगळ्या कोनांतून घेतल्या की मीटर-मीटरच्या जाळीचा उंचीनकाशा बनतो. थराच्या कडेवर बिंदू घ्यायचे आणि त्यांतून प्रतल बसवायचं, इतकं सोपं. पण कडा सपाट भिंतीवर सरळ रेषेत गेली असेल, तर ते प्रतल बिजागरीवरच्या दारासारखं त्या रेषेभोवती कसंही फिरतं, आणि संगणक तरीही बिनदिक्कत एक आकडा देतो! कडा डोंगराच्या एखाद्या सोंडेला वळसा घालून जात असेल तरच तो आकडा घ्यावा, आणि चूक दोन्ही दिशांतली वेगवेगळी सांगावी. दोन प्रतिमांतल्या सावल्या सरकलेल्या असतील तर उंचीनकाशात नसलेले खड्डेही उमटतात.

जमिनीवरची पडताळणी व्हॅलेस मरिनेरिसमध्ये झालेली नाही, पण मंगळावरच्याच गेल विवरात झाली आहे. तिथल्या डोंगरावर खाली चिकणमाती आणि वर सल्फेट हा क्रम कक्षेतून आधी वाचला गेला. २०१२ मध्ये उतरलेल्या क्युरिऑसिटी या फिरत्या गाडीला चढताना तो तसाच भेटला. उलट त्याच विवरातल्या यलोनाइफ बे इथल्या खडकात सुमारे २० टक्के चिकणमाती निघाली, जिचा कक्षेतून पत्ताच लागला नव्हता. कारण धूळ. हा प्रकाश खडकाचा वरचा मिलिमीटरभर भागसुद्धा धड वाचत नाही. त्यामुळे कक्षेतून मिळालेलं ‘आहे’ मी धरतो, ‘नाही’ कधीच धरत नाही.

वयाबद्दलचा तुमचा आक्षेप मात्र बिनतोड आहे. उल्कांच्या आघातांनी पडलेली विवरं मोजून वय काढायचं गणित चंद्रावरून आणलेल्या खडकांवर बेतलंय, आणि मंगळासाठी ते ओढूनताणून बसवावं लागतं. त्यात दरीतले हे थर ठिसूळ. वारा त्यांना झिजवतो, लहान विवरं पुसली जातात. मोजणीतून कळतं ते पृष्ठभाग केव्हापासून उघडा आहे एवढंच, थर केव्हा साचले ते नाही. लेखात त्या थरांचं वय आकड्यात दिलेलं नाही, ते याचसाठी.