ड्रॅक्युलाचं श्रेय खेकड्याला देऊ नका

'ड्रॅक्युला' लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरबद्दलचा एक मजकूर अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून येतो. त्याचा गोषवारा असा: स्टोकर हा नाटक कंपनीतला एक सामान्य कारकून. एका रात्री खेकडा जरा जास्तच हाणला, भयानक स्वप्न पडलं. मग तो आजच्या रुमानियातल्या ट्रान्सिल्वेनियाला गेला, तिथला ब्रानचा किल्ला पाहिला, व्लाड नावाच्या क्रूर राजाची खरी हकिकत ऐकली आणि तीच कादंबरीत उतरवली. मुळात कल्पना आपल्या वेताळपंचविशीतून उचललेली. पुस्तक आपटलं आणि लेखक गुप्तरोगाने, कंगाल होऊन मेला. खाली हात जोडल्याची तीन चित्रं आणि 'पुढे पाठवा'.

या मजकुरात खेकडा आहे, किल्ला आहे, राजा आहे. नाही ते एवढंच, की या कादंबरीवर स्टोकर सात वर्षं राबला होता.

हे आपल्याला नेमकं ठाऊक आहे, कारण त्याची टिपणं शिल्लक आहेत. फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात ती ठेवलेली आहेत आणि २००८ साली ती पुस्तकरूपाने छापूनही आली. त्यातली सर्वांत जुनी तारीख मार्च १८९० ची. कादंबरी बाजारात आली मे १८९७ मध्ये.

व्लाडपासूनच सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. या टिपणांत खलनायकाचं पहिलं नाव आहे 'काउंट व्हॅम्पायर', आणि त्याचा मुलूख ऑस्ट्रियातला स्टिरिया. म्हणजे रक्त पिणारा म्हातारा सरदार आधी जन्मला, नाव नंतर मिळालं. १८९० च्या उन्हाळ्यात स्टोकर इंग्लंडच्या व्हिटबी या बंदराच्या गावी सुट्टीला गेला होता. तिथल्या ग्रंथालयात विल्यम विल्किन्सनचं वॉलेशिया आणि मोल्डेव्हिया या संस्थानांवरचं १८२० सालचं पुस्तक त्याच्या हाती लागलं. त्यात ड्रॅक्युला नावाच्या एका सरदाराचा उल्लेख आहे: त्याने डॅन्यूब ओलांडून तुर्कांवर चाल केली, वगैरे. खाली तळटीप, की वॉलेशियन भाषेत या नावाचा अर्थ सैतान. स्टोकरने ती तळटीप उतरवून घेतली आणि जुन्या नावावर काट मारली. विल्किन्सनच्या मजकुरात 'व्लाड' हे नाव नाही आणि माणसं सुळावर चढवल्याचीही गोष्ट नाही. स्टोकरच्या टिपणांतही नाही.

कादंबरी उघडून पाहिली तरी हेच दिसतं. तुर्कांशी लढलेल्या ड्रॅक्युला सरदाराचा तिथे ओझरता उल्लेख येतो, तो विल्किन्सनकडूनच आलेला. सूळ कुठेच नाही. आता विचार करा, भयकथा लिहिणाऱ्याला हजारो माणसं सुळावर देणारा राजा ठाऊक असता तर त्याने तो सोडला असता? शिवाय काउंट स्वतःला सेकेली, म्हणजे ट्रान्सिल्वेनियातल्या हंगेरियन भाषिक जमातीचा म्हणवतो, आणि खरा व्लाड राज्य करत होता तो वॉलेशियात, कार्पेथियन डोंगरांच्या दक्षिणेला. दोघांची घट्ट सांगड घातली गेली १९७२ साली, मॅकनॅली आणि फ्लोरेस्कू या दोन इतिहासाच्या प्राध्यापकांच्या गाजलेल्या पुस्तकाने. पुढे सिनेमावाल्यांनी आणि पर्यटनवाल्यांनी ती उचलून धरली.

ब्रानच्या किल्ल्याचं तर बोलायलाच नको. स्टोकर ट्रान्सिल्वेनियाला कधी गेलाच नाही. कादंबरीतला किल्ला बोर्गो खिंडीत आहे, ब्रान तिथून सुमारे २०० किलोमीटर दक्षिणेला. पण न जाता लिहिलं म्हणजे थापा मारल्या असंही नाही. एमिली जेरार्डचा ट्रान्सिल्वेनियातल्या समजुतींवरचा १८८५ सालचा लेख त्याने बारकाईने वाचला होता. लसूण, छातीत ठोकायची मेख, पिशाच्चासाठीचा 'नोस्फेराटू' हा शब्द, हे सगळं त्या लेखात आहे. प्रवासवर्णनं वाचली, नकाशे पाहिले, गाड्यांच्या वेळा टिपल्या. कादंबरीचं पहिलं वाक्यच पाहा ना. काउंटकडे निघालेला तरुण वकील जोनाथन हार्कर म्युनिकहून रात्री ८.३५ ला निघतो, व्हिएन्नाला ६.४६ ला पोचायला हवा होता, पण गाडी तासभर लेट. पुढे मिरची घातलेली कोंबडी खाऊन तहानेने व्याकूळ होतो आणि डायरीत लिहितो, होणाऱ्या बायकोसाठी, मीनासाठी, पाककृती मागून घ्यायला हवी. भुताच्या गोष्टीची इतकी हिशेबी सुरुवात क्वचितच कुणी केली असेल.

व्हिटबीत तर तो हात धुऊन मागे लागला. थडग्यांवरची नावं उतरवली; त्यातलंच स्वेल्स हे नाव कादंबरीतल्या म्हाताऱ्या खलाशाला दिलं. कोळ्यांच्या बोलीतल्या शब्दांची यादी केली. १८८५ साली 'दिमित्री' नावाचं रशियन जहाज तिथल्या किनाऱ्यावर आपटून फुटलं होतं. ते आलं होतं नार्वा बंदराहून, पोटात रेती भरून. त्याचीही माहिती त्याने गोळा केली. कादंबरीत जहाजाचं नाव 'डिमीटर' झालं, रेती तशीच राहिली आणि बंदर झालं व्हार्ना. नार्वाची अक्षरं उलटसुलट केली, एवढंच!

आता खेकडा. ही गोष्ट छापून आली १९६२ सालच्या चरित्रात, स्टोकर जाऊन ५० वर्षं झाल्यावर. त्याने स्वतः ती कुठेही सांगितलेली नाही. तीन स्त्रिया तरुणाच्या गळ्याशी झुकतात आणि म्हातारा काउंट 'हा माझा आहे' म्हणत मध्ये पडतो, तो प्रसंग अगदी सुरुवातीच्या टिपणांत आहे हे खरं. तो स्वप्नातून आला असेलही. पण एका प्रसंगाची चारशे पानं व्हायला अपचन पुरत नाही.

'सामान्य कारकून' या शब्दांत थोडं तथ्य आहे, आणि तेच मला या माणसात सगळ्यात आवडतं. १८४७ साली डब्लिनच्या क्लॉन्टार्फमध्ये जन्म, सात वर्षांचा होईपर्यंत अंथरुणाला खिळलेला. आई शार्लट स्लायगोची, ती १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीच्या हकिकती सांगायची. हाच मुलगा पुढे ट्रिनिटी कॉलेजात खेळाडू म्हणून गाजला. डब्लिन कॅसलमध्ये सरकारी नोकरी धरली, आणि त्याच्या सुरुवातीच्या पुस्तकांतलं एक काय होतं? आयर्लंडच्या छोट्या न्यायालयांतल्या कारकुनांची कर्तव्यं! १८७९ सालचं हे पुस्तक म्हणजे शुद्ध नियमावली.

त्याच काळात तो एका वर्तमानपत्रात फुकटात नाट्यपरीक्षणं लिहायचा. प्रसिद्ध इंग्रज नट हेन्री आयर्विंगच्या हॅम्लेटवर त्याने लिहिलं, ओळख झाली, आणि १८७८ साली आयर्विंगने त्याला लंडनच्या लायसियम थिएटरचा कारभारी केलं. हे पद म्हणजे खर्डेघाशी नव्हे. तिकीटखिडकी, हिशेब, पत्रव्यवहार, अमेरिकेचे दौरे, सगळं त्याच्या अंगावर, तेही पाव शतकाहून जास्त. त्यातच वकिलीची सनद घेतली. थेम्समध्ये उडी टाकून एका बुडणाऱ्याला वाचवायचा प्रयत्न केला म्हणून पदक मिळवलं. कादंबऱ्या लिहिल्या त्या उरलेल्या वेळात.

वेताळाचा मुद्दा आपल्याकडचा, म्हणून जरा थांबतो. याला एक धागा आहे. वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणणारा रिचर्ड बर्टन स्टोकरला भेटला होता, आणि बोलताना त्याचा वरचा ओठ उचलला जाऊन सुळा खंजिरासारखा चमकायचा, असं स्टोकरने आयर्विंगच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. सुळ्याचं श्रेय बर्टनला द्यायचं तर द्या. पण आपला वेताळ प्रेतात शिरून झाडाला लटकतो, राजाला कोडी घालतो, आणि शेवटी त्याच राजाचा जीव वाचवतो. तो कुणाच्या गळ्याला तोंड लावत नाही. कोकणात तर तो गावाचा राखणदार. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात. त्याला ड्रॅक्युलाचा आजोबा ठरवण्यात आपला कसला गौरव? खरा पूर्वज शोधायचा तर डब्लिनमध्येच सापडतो: शेरिडन ल फानूची पिशाच्चकथा 'कार्मिला', १८७२. स्टोकर ज्या वर्तमानपत्रात परीक्षणं लिहायचा, त्याच्या मालकांत हाच ल फानू होता.

पुस्तक आपटलं म्हणणं चूक. परीक्षणं बहुतेक चांगली आली, कॉनन डॉयलने कौतुकाचं पत्र पाठवलं, १९०१ मध्ये स्वस्त आवृत्ती निघाली. घबाड मात्र हाती लागलं नाही. १८९८ साली लायसियमच्या नेपथ्याच्या कोठाराला आग लागली, नाटकमंडळी डबघाईला आली, १९०५ मध्ये आयर्विंग गेला आणि स्टोकरची नोकरीही गेली. पाठोपाठ पक्षाघाताचा झटका. १९११ साली त्याला लेखकांच्या मदतनिधीकडे हात पसरावा लागला, तिथून १०० पौंड मिळाले. त्याला तंगी म्हणावं, कंगाली नव्हे. २० एप्रिल १९१२ ला तो गेला. गुप्तरोगाचा तर्क त्याच्या नात्यातल्याच एका चरित्रकाराने १९७५ मध्ये मृत्यूच्या दाखल्यातल्या एका वैद्यकीय शब्दावरून केला. इतर काही अभ्यासकांना तो पटलेला नाही, आणि त्याच दाखल्यात मूत्रपिंडाचा आजारही नोंदलेला आहे, तो कुणी पुढे पाठवत नाही.

या मजकुराच्या लांबलेल्या आवृत्तीत आणखी एक ओळ असते: 'सूर्याच्या किरणाने ड्रॅक्युला जळून जातो, ही स्टोकरची अमर कल्पना.' कादंबरीतला काउंट भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत उभा राहून एका सुंदर तरुणीला न्याहाळतो. दिवसा त्याच्या शक्ती कमी होतात, एवढंच. आणि तो मरतो सूर्य मावळता मावळता, हार्करच्या खुकरीने आणि त्याचा साथीदार क्विन्सी मॉरिसच्या सुरीने. उन्हात विरघळणारा पिशाच्च आला १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. तो कादंबरीवरून परवानगी न घेता काढला होता म्हणून स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली, आणि १९२५ मध्ये त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम तिने मिळवला. काही प्रती वाचल्या, आणि त्यातली ती कल्पना आज तिच्याच नवऱ्याच्या नावावर फिरते आहे.