इंग्रजी नोटीस कशी लिहावी: नव्या सेक्रेटरींसाठी

तुम्ही सोसायटीचे नवे सेक्रेटरी झाला असाल, पालकांच्या ग्रुपचे ॲडमिन असाल किंवा ऑफिसात परिपत्रक काढायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर पहिलं पथ्य हे, की लिहायचं ते इंग्रजीतच. वाचणारे झाडून सगळे मराठी असले तरी. मराठीत लिहिलं की लोकांना कळतं, आणि कळलं की ते प्रश्न विचारत बसतात.

शब्दांची चिंता नको, मागच्या सेक्रेटरीची नोटीस असतेच. अडतं ते मधल्या टिंबांपाशी आणि शेपट्यांपाशी.

स्वल्पविराम दम लागेल तिथे द्यावा. याला प्राचीन आधार आहे. इसवी सनापूर्वी 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ग्रंथपाल ॲरिस्टोफेनिस याने ओळीत वर, मध्ये आणि खाली ठिपके द्यायची पद्धत काढली, ती मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे किती थांबायचं ते कळावं म्हणून. त्यानंतर व्याकरण वगैरे मंडळी मध्ये आली, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. 'द लिफ्ट, विल रिमेन, क्लोज्ड ऑन संडे.' लिफ्ट बंद म्हणजे दम लागणारच, तो आधीच नोटिशीत घेतलेला बरा.

पूर्णविराम एकटा देऊ नये, बिचारा घाबरतो. चार-पाच द्यावेत. 'प्लीज पे ऑन टाइम.....' यातली धमकी त्या टिंबांतच असते.

उद्गारचिन्हं श्रद्धांजलीला तीन, पाणी येणार नसेल तर पाच.

जोर द्यायचा शब्द अवतरणचिन्हांत टाका. 'वी सर्व्ह "फ्रेश" फूड.' गिऱ्हाईक समजायचं ते समजतं आणि पुढच्या हॉटेलात जातं.

एस दिसला की त्याच्या डोक्यावर अपॉस्ट्रॉफी ठेवा. एकापेक्षा जास्त टोमॅटो असले तरी ठेवा. इंग्लंडमधल्या भाजीवाल्यांच्या पाट्यांवर ही चूक इतकी दिसते, की तिला भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी असंच म्हणतात. जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने 2001 मध्ये अपॉस्ट्रॉफी वाचवायला चक्क एक संस्था काढली होती. 2019 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं सांगून त्यांनी ती बंद केली. म्हणजे मैदान तुम्हाला मोकळं आहे.

सेमीकोलन डोळा मारण्यासाठी राखून ठेवा.

आता मुख्य धडा. वाक्याच्या मधोमध दोन स्वल्पविराम भुरभुरायचे, उपम्यावर कोथिंबीर भुरभुरतो तसे. आमच्या सेक्रेटरींनी परवा हेच केलं. 'मेंबर्स, हू हॅव नॉट पेड मेंटेनन्स, विल नॉट गेट पार्किंग स्टिकर्स.' लिफ्टशेजारी चिकटवलं, ग्रुपवर टाकलं. ते दोन स्वल्पविराम नसते तर अर्थ सरळ होता, ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांना स्टिकर नाही. ते आले आणि अर्थ झाला असा: सभासदांनी, म्हणजे झाडून सगळ्यांनी, पैसे भरलेले नाहीत आणि कुणालाच स्टिकर मिळणार नाही. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वर्षभराचे पैसे भरणारा माणूस. पावती आहे. पावती घेऊन गेलो, तर साहेब म्हणतात, "काका, एका कॉमाने काय फरक पडतो? समजून घ्यायचं." एक नाही हो, दोन आहेत! आणि काय फरक पडतो ते अमेरिकेत मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीला विचारा. कुठल्या कामांना ओव्हरटाइम नाही याची यादी तिथल्या कायद्यात होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असं लिहिलं होतं आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. दुधाच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर म्हणाले, इथे वाटपासाठी माल बांधण्याचं काम सांगितलंय, प्रत्यक्ष वाटपाचं नाही. आम्ही माल बांधत नाही, पोचवतो, तेव्हा आम्हाला ओव्हरटाइम द्या. 2017 मध्ये अपील कोर्टाने कायदा संदिग्ध ठरवून कौल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला. 2018 मध्ये डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. तिथल्या विधिमंडळाने तर त्याआधीच त्या यादीत सेमीकोलन घातले होते, ओळीने, एकेका कामानंतर. तिकडे कायदे करणाऱ्यांना पुन्हा बसून टिंबं मोजावी लागतात आणि आमच्याकडे समजून घ्यायचं! दरवेळी आम्हीच समजून घ्यायचं!

बरं, हे सगळं मराठीत आणलं तेही इंग्रज साहेबानेच. मोडीत लिहिणाऱ्यांचं विरामचिन्हांवाचून कधी अडलं नव्हतं. मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक काढून आपल्याला ही चिन्हं शिकवली. त्याचा सूड म्हणून आमचे सेक्रेटरी इंग्रजीची अशी वासलात लावत असतील, तर देशप्रेम म्हणून मी गप्प बसायला तयार होतो.

पण नाही बसणार. अहो, तुम्हाला इंग्रजी येत नाही यात काही लाज नाही. मग लिहिता कशाला? सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी मराठीत मिळतात, सभेत तुम्ही मराठीतच भांडता, थकबाकी मागायला दारात येता तेव्हाही मराठीतच बोलता. फक्त भिंतीवर चिकटवायला तेवढं इंग्रजी लागतं, कारण त्याने वजन पडतं म्हणे. लिहायचंच असेल तर पाठवण्याआधी एकदा वाचा. स्वतः, मोठ्याने, शेवटपर्यंत. तेवढाही वेळ नसेल तर पद सोडा, ते सांभाळायची सक्ती कुणी केलेली नाही.

आणि त्या मेसेजखाली न वाचता अंगठे दाखवणाऱ्यांनो, तुम्हालाही थकबाकीदार म्हटलंय त्यात. वाचा आधी.