लाल टिक नसते, रजिस्टर असतं

दर चार-सहा महिन्यांनी तो फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर परत येतोच. दोन निळ्या टिकसोबत एक लाल दिसली की सरकार कारवाई करणार, तिन्ही लाल झाल्या की कोर्टाचं समन्स. खाली हात जोडलेले आणि ‘सर्वांना पाठवा’. धादांत खोटं आहे. लाल टिक नावाचा प्रकारच व्हॉट्सॲपमध्ये नाही. एप्रिल २०१६ पासून तिथले मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याच फोनवर उलगडतात. मधल्या वाटेवर ते सिम कंपनीलाही वाचता येत नाहीत.

या अफवेने नुकसान मात्र केलंय. ‘मेसेज कोणी वाचतंय का’ या एकाच धास्तीत सगळे अडकलेत, आणि जे रोज, प्रत्येकाचं, काडीचाही संशय नसताना लिहून ठेवलं जातं, त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही.

त्याला म्हणतात आयपीडीआर, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल डिटेल रेकॉर्ड. कोणी कोणाला कधी फोन केला याचा जसा सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड), तसा हा इंटरनेटचा. दोन्ही तुमची सिम किंवा नेट कंपनी ठेवते. सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं रजिस्टर असतं ना, अगदी तसं. घरात काय बोलणं झालं ते त्यात नसतं. कोण आलं, कुठल्या फ्लॅटकडे गेलं, किती वाजता आलं आणि कधी निघालं, एवढंच. एका दिवसाचं पान कंटाळवाणं वाटेल. पण दोन वर्षांची पानं एकत्र लावा, मग कोण कोणाकडे दर मंगळवारी रात्री अकराला जातं ते कामवाल्या बाईंना विचारावं लागत नाही.

आयपीडीआरची एक ओळ साधारण अशी असते: मोबाइल नंबर, हँडसेटचा आयएमईआय (त्याचा ओळख क्रमांक), फोनला कंपनीच्या आतल्या जाळ्यात मिळालेला आयपी पत्ता (नेटवरचा पत्ता), बाहेर जगाला दिसणारा आयपी पत्ता, पोर्ट नंबर (त्या पत्त्यावरचा जणू दरवाजा क्रमांक, समजा ४१८२२), समोरच्या सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट (बहुतेक वेळा ४४३), कनेक्शन सुरू झालं २२:४२:१७, संपलं २२:४९:०३, किती डेटा गेला-आला, आणि टॉवर. हे रेकॉर्ड पूर्वी कंपन्यांना किमान एक वर्ष ठेवावं लागे. डिसेंबर २०२१ मध्ये लायसन्सची अट बदलून ते दोन वर्षं झालं. म्हणजे आज रात्री तुम्ही एखाद्या वकिलाची, मनोविकारतज्ज्ञाची किंवा गर्भपात केंद्राची साइट उघडलीत, तर ती भेट दोन वर्षं तिथेच पडून राहणार. इन्कॉग्निटो मोडने यात तसूभरही फरक पडत नाही. तो फक्त तुमच्या फोनमधली हिस्टरी पुसतो, गेटवरची नाही.

आता यात गफलत कुठे होते ते बघा. मोबाइल नेटवर एकच बाहेरचा आयपी पत्ता एकाच क्षणी शेकडो ग्राहक वापरत असतात. माणूस ओळखायचा तर आयपीसोबत पोर्ट नंबर आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. बऱ्याच वेबसाइटच्या लॉगमध्ये पोर्ट लिहिलेलाच नसतो. दुसरं, परदेशी कंपनी वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत देते आणि आपली कंपनी भारतीय वेळेत शोधते. मधे साडेपाच तास. ते मिळवायला कोणी विसरलं की भलत्याच घराची बेल वाजते. पुणे पोलिसांनी २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवरच्या शिवाजी महाराजांबद्दलच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी बंगळुरूच्या एका आयटी इंजिनिअरला उचललं होतं. इंटरनेट कंपनीने दिलेला आयपीचा तपशीलच चुकीचा होता. त्याने ५० दिवस येरवड्यात काढले. ‘मी काही केलंच नाही तर घाबरू कशाला’ म्हणणाऱ्यांसाठी हे एवढं उदाहरण पुरे.

हे रजिस्टर बघतं कोण? कॉल किंवा मजकूर पकडायचा तर निदान गृहसचिवांचा आदेश लागतो: ६० दिवसांचा, वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८० दिवस. नुसतं रेकॉर्ड हवं असेल तर तेही नको. पोलिस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून गेलेली मागणी पुरते. आणि गळती? ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये सीडीआर मिळवून विकणारं रॅकेट पकडलं, त्यात खासगी डिटेक्टिव्ह होते. माहिती साठवलेली असली की ती कुठून तरी पाझरते. म्हणून मला मोठ्या कटाच्या गोष्टींपेक्षा दोन वर्षांच्या साठ्याची जास्त भीती वाटते.

गृहसचिवांच्या आदेशावर देखरेख ठेवायला समिती आहे. केंद्रात कॅबिनेट सचिव आणि आणखी दोन सचिव. तिघेही सरकारी अधिकारी, न्यायाधीश एकही नाही. दोन महिन्यांतून एक बैठक. २०१४ च्या सुमारास माहिती अधिकारातून कळलं की केंद्र महिन्याला साडेसात ते नऊ हजार फोन टॅपिंगचे आदेश काढतं. डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनेही २०१८ च्या अहवालात हेच दाखवलं: एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तपासायचे. आठ तास बूड न हलवता बसले तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. सही करायलासुद्धा जास्त वेळ लागतो हो! मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचेच्या एका प्रकरणातले सीबीआयसाठी काढलेले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक सुरक्षेला कुठलाच धोका नव्हता. पण ज्याचा फोन टॅप झाला तो माणूस कोर्टात जाऊ शकला, कारण खटल्यात रेकॉर्डिंग पुढे आलं. ज्याच्यावर खटलाच होत नाही त्याला कधी कळतच नाही. कळवण्याची तरतूदच नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा काही करेल म्हणाल, तर त्याच्या कलम १७ ने सरकारला आपल्याच यंत्रणांना सूट द्यायची मुभा दिली आहे.

मग हातात काय आहे? थोडंच आहे, पण आहे.

साइटचं नाव दिलं की तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, मग प्रायव्हेट डीएनएस. तिथे ‘ऑटोमॅटिक’ऐवजी क्वाड-नाइन किंवा क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवांपैकी एकीचा पत्ता टाका. कुठल्या साइटचं नाव विचारलंत ते कंपनीच्या डीएनएसला कळणं थांबतं. ऑफिसच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर नेट अचानक मेलं तर घाबरू नका. प्रायव्हेट डीएनएस ज्यावरून चालतो तो ८५३ नंबरचा पोर्ट त्यांनी बंद केलेला असतो, तेवढ्यापुरतं परत ऑटोमॅटिक करा. मात्र कनेक्शन जोडताना साइटचं नाव एसएनआय नावाच्या भागात बहुतेक ठिकाणी अजून उघडंच जातं, त्यामुळे हे अर्धंच झाकण आहे.

व्हीपीएन, म्हणजे तुमचं सगळं नेट आपल्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा, घेतलात तर गेटवरच्या रजिस्टरात फक्त व्हीपीएनचा पत्ता चढतो. पण मग रजिस्टर व्हीपीएनवाल्याकडे गेलं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी पाच वर्षं ठेवायला सांगितलंय. म्हणूनच प्रोटॉन, नॉर्ड, एक्स्प्रेस यांनी भारतातले सर्व्हर हलवले. फुकटचा व्हीपीएन तर घेऊच नका. त्याचा खर्च कोण भरतंय ते एकदा विचारा.

व्हॉट्सॲपचं खरं भोक बॅकअपमध्ये आहे. अँड्रॉइडवर तो गूगल खात्यात जातो आणि तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय एंड-टू-एंड एन्क्रिप्ट होत नाही. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड किंवा ६४ अंकी की कागदावर लिहा, कारण फोन आणि पासवर्ड दोन्ही गेले तर परत मिळवून देणारं कोणी नाही. आणि समोरच्याने हे केलं नसेल तर तुमचेच मेसेज त्याच्या बॅकअपमध्ये उघडे पडलेत. त्यालाही सांगा.

शेवटचं, आणि ते बहुतेक जण करतच नाहीत. रजिस्टरातली नोंद सिम ज्याच्या नावावर, त्याच्या खात्यात पडते. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ वेबसाइटवर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. अनोळखी नंबर दिसला तर ‘नॉट माय नंबर’ निवडून तक्रार करा. त्यासाठी ॲप लागत नाही, ब्राउझर पुरतो. हेच ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीने घालायचा आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला होता, ओरड झाल्यावर आठवड्याच्या आत मागे घेतला. वेबसाइट मात्र खरोखर कामाची आहे. आईवडिलांचे नंबरही तपासा. केवायसीच्या झेरॉक्स सगळ्यात जास्त त्यांच्याच फिरलेल्या असतात.